चेहऱ्यावर अ‍ॅलर्जी उठली आहे : जेवणात काय ठेवावं, चेहऱ्याला काय लावावं?

सईची_आई

नमस्कार मंडळी. साबांसाठी (सासूबाईंसाठी) सल्ला हवा आहे. वय ६१, शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. गेल्या रविवारी आमच्याकडे बारसं झालं. जेवणात भरली वांगी, मठ्ठा, जिलबी, मसालेभात. सोमवारी सकाळी साबा उठल्या तर दोन्ही पापण्या सुजलेल्या, कपाळ लाल, कानांच्या मागे बारीक पुरळ आणि भयंकर खाज. मंगळवारी डोळे उघडेनात. फॅमिली डॉक्टरांनी इंजेक्शन आणि सेट्रिझिन दिलं. सूज आता निम्म्याहून जास्त उतरली आहे, पण कातडी कोरडी पडून सालं निघताहेत. नुसतं पाणी लागलं तरी आग होते.

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, वांगं बाधलं. मग वांगं बंद, दही बंद, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, आंबट, गूळ सगळंच बंद. बिचाऱ्या मुगाची खिचडी आणि दुधीवर दिवस काढताहेत, चेहरा उतरलाय. लावण्याच्या बाबतीतही तीच गत. नणंदबाईंनी कोरफड आणली, शेजारच्या काकूंनी चंदन-हळदीचा लेप सांगितला आणि मेडिकलमधून एक ट्यूब आली आहे. ती मी अजून उघडू दिलेली नाही.

खायला नक्की काय द्यावं आणि चेहऱ्याला काय लावावं, कुणी नीट सांगेल का? त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

नीलमोहर

आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलं भिजवून त्याचा कोळ अंगाला चोळतात, मला दरवेळी बरं वाटतं. पण साबांची कातडी सोलली गेली असेल तर आमसूल झोंबेल. चेहऱ्याला नकोच.

वाटसरू७२

वांग्याला अनुमोदन. माझ्या आईला वांगं खाल्लं की तासाभरात ओठांना आणि जिभेला खाज सुटते. आम्ही घरात वांगं करतच नाही.

गवतीचहा

मी त्वचारोग विभागात काम करते. इथे बसून निदान करणार नाही, पेशंट बघितल्याशिवाय ते होत नाही. पण सईची_आई, तुमच्या वर्णनात मला वांग्यापेक्षा वेगळंच काही दिसतंय, म्हणून आधी काही विचारते.

शनिवारी किंवा रविवारी सकाळी साबांनी केसांना डाय किंवा मेंदी लावली होती का? बारशासाठी नवीन पावडर, क्रीम, टिकली, अत्तर, गजरा, खोटे दागिने काही वापरलं का? फेशियल, ब्लीच, थ्रेडिंग? बीपीच्या गोळीचं नाव काय? आणि त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

आहाराबद्दल तोवर एवढंच. अन्नाची खरी अ‍ॅलर्जी बहुतेकदा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. ओठ सुजतात, अंगभर गांधी (खाजणारे, उठून आलेले लाल चट्टे) उठतात, उलट्या होतात, कधी घसा आवळल्यासारखा होतो. वाटसरूंच्या आईंचं वर्णन त्यात बसू शकतं, कारण तासाभरात आणि दरवेळी तेच होतं. रविवारी दुपारी जेवून सोमवारी सकाळी फक्त पापण्या, कपाळ आणि कानांमागे उठणं त्यात बसत नाही. शिवाय गांधी चोवीस तासांच्या आत जागा सोडतात, मागे सालं निघत नाहीत. सालं निघणं, भेगाळणं, आग होणं हे एक्झिमाचं (इसबाचं) लक्षण आहे, म्हणजे बहुधा त्वचेला बाहेरून काहीतरी लागलंय.

सईची_आई

गवतीचहा, तुम्ही विचारलंत म्हणून साबांना विचारलं. शनिवारी संध्याकाळी घरीच डाय लावला होता. पण डाय तोच आहे हो, गेली कित्येक वर्षं दर महिन्याला तोच लावतात. खोक्यावर ‘अमोनिया फ्री’ असंही लिहिलंय. आणि डोक्याला काहीच झालेलं नाही, डोकं अगदी स्वच्छ आहे. म्हणून आम्ही कुणी त्या दिशेने विचारच केला नाही.

बीपीची गोळी अम्लोडिपिन. ट्यूबवर क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल अशी तीन नावं आहेत.

गवतीचहा

आता सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या ओपीडीत सारखा येतो आणि दरवेळी आधी कुठली तरी भाजी घरातून हद्दपार झालेली असते.

बहुतेक कायमच्या काळ्या डायमध्ये पॅराफिनिलीनडायमाइन नावाचा पदार्थ असतो, सगळे त्याला पीपीडी म्हणतात. ‘अमोनिया फ्री’ म्हणजे पीपीडी फ्री नव्हे. ‘हर्बल काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक पुड्यांतही तो असतो. साधी मेंदी काही तासांनी तांबूस-तपकिरी रंग देते, अर्ध्या तासात केस काळेभोर करत नाही.

डोक्याची कातडी जाड असते, ती बऱ्याचदा वाचते. पापण्यांची कातडी अंगावरची सर्वात पातळ, म्हणून ती आधी सुजते. कपाळाची कड, कान, कानांमागची जागा, मान या सगळीकडून डायचं पाणी ओघळतं. आणि ही अ‍ॅलर्जी उशिरा येणारी आहे. शरीरातल्या टी-पेशी (प्रतिकार करणाऱ्या पेशी) तो पदार्थ ओळखतात, जमतात, मग सूज येते. याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. शनिवारी डाय, सोमवारी सूज, मंगळवारी कळस, हे अगदी ठरल्यासारखं आहे. मधल्या रविवारी जेवणात वांगं होतं आणि सगळा आळ त्याच्यावर आला.

‘इतकी वर्षं लावत होते तेव्हा कुठे काय झालं’ असं दर पेशंट म्हणतो. पण संपर्काची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही होते. शरीर एकदा तो पदार्थ ओळखायला शिकलं की ते सहसा विसरत नाही. पुढच्या वेळी प्रतिक्रिया लवकर आणि जास्त जोराची येऊ शकते. म्हणून ‘या वेळी थोडाच लावते’ हा प्रयोग कृपा करून करू देऊ नका.

बीपीची गोळी विचारली कारण रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी ओठ, जीभ, चेहरा सुजू शकतो, गोळी सुरू करून महिने-वर्षं झाल्यावरसुद्धा. अम्लोडिपिन त्या गटातली नाही. ती बंद करू नका.

ट्यूब अजिबात उघडू नका. क्लोबेटासोल हे सर्वात तीव्र स्टेरॉइडांपैकी आहे आणि निओमायसिन तर स्वतःच अ‍ॅलर्जी देणारं म्हणून प्रसिद्ध आहे.

डोळ्यांची सूज परत वाढली, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, पुरळातून पिवळा चिकट स्राव येऊन ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

सईची_आई

किती नीट सांगितलंत. साबांना वाचून दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न : ‘मग मी दही-भात खाऊ का?’

गवतीचहा

खाऊ द्या, आजच खाऊ द्या. ज्या कातडीला सालं सुटली आहेत ती नव्याने भरून यायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दूध, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे सगळं हवं. ६१ वर्षांच्या बाईला आठवडाभर खिचडी आणि दुधीवर ठेवलं तर चेहऱ्याआधी अंगातली ताकद जाते. भाकरी, पालेभाजी, फळं, नेहमीचं घरचं जेवण ठेवा.

दोनच गोष्टी तात्पुरत्या सांभाळायच्या. चेहरा लाल असेपर्यंत फार तिखट, वाफाळतं सूप, कडकडीत चहा यांनी चेहऱ्याकडे रक्त धावतं आणि आग जास्त जाणवते. ती अ‍ॅलर्जी नाही, पण त्रास होतो, म्हणून कोमट घ्या. ओठांच्या कडा फाटल्या असतील तर लिंबू, टोमॅटो, चिंच नुसत्या लागण्यानेही झोंबतात. तेवढे दिवस जपून, मग मोकळं.

अंगावर गांधी उठणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी काय खाल्लं, किती वेळाने उठलं, त्या दिवशी कुठली वेदनाशामक गोळी घेतली होती का, हे वहीत लिहून ठेवावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी गांधी वाढतात आणि दोष मात्र भाजीला मिळतो. कोळंबी, खेकडे, शेंगदाणे, अंडं, दूध, गहू यांची खरी अ‍ॅलर्जी काहींना असते आणि ती गंभीरही असू शकते. पण ती सहसा दरवेळी आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात दिसते.

टिटवी

आमच्या शहरातल्या एका लॅबचं पॅकेज आहे, एका रक्ताच्या थेंबात दोनशे पदार्थांची तपासणी. मी केली. गहू, दूध, लसूण, केळं, तूर असे तीसेक पदार्थ लाल यादीत आले. आता खायचं काय तेच समजत नाही.

गवतीचहा

टिटवी, रिपोर्टवर आयजीजी लिहिलं आहे का बघा. असेल तर तो कपाटात ठेवून द्या. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी), ते सापडलं म्हणजे तो पदार्थ तुमच्या शरीराच्या ओळखीचा आहे एवढंच. जे आपण रोज खातो त्याचं आयजीजी सापडणारच. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाची अ‍ॅलर्जी शोधायला ही तपासणी वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड, वेगळं. तेही तुमच्या लक्षणांशी ताडून बघावं लागतं, नुसता आकडा बघून पदार्थ बंद करत नाहीत. तुमचा त्रास काय आहे तो लिहा, मग बोलू.

माळरान

हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही फलटणकडचे, शेती. वडिलांच्या चेहऱ्यावर पावसाळा सुरू झाला की लाली आणि खाज यायची, दिवाळीनंतरही टिकायची. कपाळ, पापण्या, मानेच्या घड्या, कोपराच्या आतला भाग. सदऱ्याखालचं अंग स्वच्छ. सगळे म्हणायचे उष्णता आहे, रक्त बिघडलंय. गहू सोडला, दूध सोडलं, वांगं, बटाटा, मसूर, अंडी सगळं सोडलं. कातडी म्हशीसारखी जाड झाली तरी खाज जाईना. वडील चारचौघांत येईनासे झाले.

शेवटी पुण्यात मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठीवर पट्ट्या लावून तपासणी झाली. निघालं काय, तर बांधावरचं काँग्रेस गवत. डॉक्टरांनी सांगितलं की ते हवेतूनसुद्धा बाधतं, वाळलेल्या गवताची धूळ पुरते, उपटायला हात लावायचीही गरज नाही.

औषधं लांब चालली, मध्ये रक्त तपासत राहावं लागलं. बांधावरचं गवत फुलायच्या आत भावाने काढायचं, वडिलांनी त्या वेळी रानात फिरकायचं नाही, रानातून आलं की आंघोळ आणि कपडे वेगळे. आता गव्हाची पोळी, दूध, अंडी सगळं खातात. गव्हाचा दोष काडीचाही नव्हता.

गवतीचहा

माळरान, ही माहिती इथे टाकलीत ते फार बरं केलंत. काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, १९५०च्या दशकात, आणि त्याने होणारा त्वचारोगही पुण्याच्या डॉक्टरांना लवकर भेटला. त्यातला पार्थेनिन हा पदार्थ त्रास देतो. नुसत्या उन्हाने होणाऱ्या पुरळात वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा, कानांमागची जागा बहुतेक वाचते, कारण तिथे ऊन पोचत नाही. धूळ मात्र सगळीकडे पोचते. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर दर पावसाळ्यात असं उठत असेल तर ताटाआधी बांध बघा.

वडिलांना झेंडू आणि शेवंतीपासूनही जरा जपू द्या, ती त्याच कुळातली आहेत. दसऱ्याला तोरणं दुसऱ्या कुणी ओवावीत.

कातळशिल्प

आंब्याबद्दल कुणीच बोललं नाही! आम्ही राजापूरचे. भाच्याच्या तोंडाभोवती दर मे महिन्यात फोड येतात. त्याच्या पुण्याच्या आजीचं म्हणणं आंबा उष्ण पडतो, मुलाला देऊच नका. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की चीक उततो. देठ काढून आंबा पाण्यात ठेवला, साल जाड काढली आणि फोडी करून दिल्या की तोच मुलगा आंबा खातो, काही होत नाही. साल दातांनी सोलून कोय चोखली की संपलंच.

गवतीचहा

बरोबर सांगितलंत. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तो ज्या प्रकारच्या रसायनांमुळे, त्यांचे नातलग आंब्याच्या चिकात आणि सालीत असतात. काजूच्या टरफलाच्या तेलातही. गरात ते फारसं नसतं. मात्र आंबा खाऊन लगेच घसा खवखवला, अंगावर गांधी उठल्या तर ती गराची अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा फोडीसुद्धा द्यायच्या नाहीत.

शुभ्रकांती

एक विचारू? माझ्या बहिणीने पार्लरच्या सांगण्यावरून ‘उजळपणाची’ क्रीम दोनेक वर्षं लावली. आता एक रात्र लावली नाही तरी चेहरा लालभडक होतो, आग होते, पुरळ येतं. ती म्हणते मला सगळ्याची अ‍ॅलर्जी झालीय, उन्हाची, धुळीची, तिखटाची. परत क्रीम लावली की शांत होतं.

गवतीचहा

शुभ्रकांती, ती ट्यूब आणि बहिणीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, शक्यतो याच आठवड्यात. बहुधा तिच्यात मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन असं काहीतरी असेल, म्हणजे स्टेरॉइड. चेहऱ्याला महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, केस वाढतात आणि क्रीम थांबवली की उसळी मारून लाली येते. ती उसळी लोकांना अ‍ॅलर्जी वाटते, म्हणून परत तीच क्रीम लावली जाते आणि सुटका होत नाही. आपल्या देशात हे इतकं वाढलं की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी काउंटरवर सहज मिळतात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

तिला एवढंच सांगा की यातून बाहेर येता येतं. वेळ लागतो, सुरुवातीचे आठवडे कठीण जातात, सोबत डॉक्टर हवा. आणि आरशात बघून रडू येईल त्या दिवसांत घरातलं कुणीतरी जवळ हवं.

सईची_आई

आणि साबांनी चेहऱ्याला लावायचं काय, ते राहिलंच.

गवतीचहा

खरंय. जितकं कमी तितकं चांगलं. साबण, फेसवॉश, पावडर, गुलाबपाणी, कोरफड, चंदन, हळद, बेसन, सगळं बाजूला. हळद आणि चंदन वाईट आहेत असं नाही, पण सोललेल्या कातडीवर काहीही आत शिरतं आणि नव्या वस्तूची नवी अ‍ॅलर्जी याच काळात जडू शकते. लिंबू तर कधीच नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग आणि फोडसुद्धा येतात.

चेहरा साध्या पाण्याने, ना गरम ना गार. खाज आली की स्वच्छ सुती फडकं पाण्यात भिजवून, पिळून, पाचदहा मिनिटं ठेवायचं. बर्फ थेट घासायचा नाही, वाफ घ्यायची नाही. मग कातडी ओलसर असतानाच वास नसलेलं, साधं मॉइश्चरायझर. तेही झोंबत असेल तर पांढरं पेट्रोलियम जेली पुरे, अगदी पातळ थर. बाहेर जाताना टोपी किंवा पदर. सनस्क्रीन चेहरा शांत झाल्यावर, झिंक ऑक्साइडचं. नखं कापून ठेवा, रात्री झोपेत खाजवलं जातं. सेट्रिझिनने झोप लागते, पण या प्रकारच्या पुरळावर त्याचा उपयोग मर्यादितच असतो. सूज उतरली ती बहुधा इंजेक्शनमुळे. त्याचा असर ओसरला की ती परत डोकं वर काढू शकते, अपॉइंटमेंट चुकवू नका.

केस एकदा साध्या शॅम्पूने, मान मागे करून धुवा, चेहऱ्यावर पाणी न ओघळता. डायचे अंश निघून जाऊ देत. पुढे कुठलीही नवी क्रीम आणली तर कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघायची आणि मगच चेहऱ्याला. डायच्या बाबतीत मात्र हा घरचा प्रयोगसुद्धा नको.

सईची_आई

कळवायचं राहून गेलं होतं. डॉक्टरांनी पुरळ पूर्ण गेल्यावर, त्यासाठीच्या गोळ्या थांबवून काही आठवडे झाल्यावर पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, तेव्हा एकदा बघितलं आणि चौथ्या दिवशी परत. तेवढे दिवस पाठ भिजवायची नव्हती. पीपीडीच्या जागी लाल फोड उठले होते. निकेल, सुगंधी द्रव्यं, टिकलीच्या गोंदाचा घटक, बाकी सगळं साफ. साबांना एक कार्ड दिलंय, त्यावर त्या रसायनाचं नाव आहे.

काल घरात वांग्याचं भरीत झालं. साबांनी दोनदा वाढून घेतलं.

दोन शंका उरल्या. साबा मेंदी लावू शकतात का? आणि सासरे मिशीला तोच डाय लावतात, त्याचं काय?

गवतीचहा

फार आनंद झाला. ते कार्ड दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी काहींना बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या जेलची, क्वचित सल्फाच्या औषधांचीही प्रतिक्रिया येते. लग्नकार्यात हातावर काढतात ती काळी मेंदी साबांनी हाताला लावून घ्यायची नाही.

शुद्ध मेंदीची पानं घरी वाळवून वाटलेली असतील तर बहुतेकांना चालते, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारून हातावर चाचणी घ्या. सुटी बाजारची पावडर नको, तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

सासऱ्यांचा प्रश्न चांगला विचारलात. जोडीदाराच्या केसांतला डाय उशीवरून, टॉवेलवरून दुसऱ्याच्या चेहऱ्याला लागून पुरळ उठल्याची उदाहरणं आहेत. डाय लावला त्या दिवशी त्यांनी केस आणि मिशी भरपूर पाण्याने धुवायची, उशीचा अभ्रा आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, वापरलेला ब्रश आणि वाटी साबांनी हाताळायची नाही. पाण्याने रंग निथळायचा थांबला की धोका बराच कमी होतो. आणि त्यांनाही उद्या हीच अ‍ॅलर्जी होऊ शकते, मिशीच्या जागी खाज आली तर त्याच दिवशी डाय बंद.

सईची_आई

अभ्रे आजच वेगळे केले. सासऱ्यांना धागा वाचायला दिलाय.